पीटी२३९९ चं डिले पेडल: एको कधी येतो, कधी येत नाही (कामाच्या नोंदी)

४ जून

पेडल परत टेबलावर आलंय. मित्रासाठी घरी बांधलेलं डिले आहे, आत एक पीटी२३९९ (एको बनवणारी चिप), एक टीएल०७२ (ओपअँप, म्हणजे आवाजाचा सिग्नल हाताळणारी आयसी), पाच व्होल्टसाठी ७८एल०५ रेग्युलेटर आणि वर तीन नॉब: टाइम, रिपीट, मिक्स. तक्रार अशी की गिटारचा मूळ आवाज व्यवस्थित येतो, एलईडी लागतो, पण एको अजिबात येत नाही, आणि हे कधीकधीच होतं. मित्र म्हणतो, "अरे घरी एकदाही झालं नाही, प्रॅक्टिसला नेलं की हमखास होतं. बंद करून परत लावलं की कधी येतो, कधी तसाच."

कायमचा बंद पडलेला सर्किट मला चालतो, कारण तो पळून जात नाही, मीटर लावून बसलं की तासाभरात सापडतो. हे असं अधूनमधून वालं दुखणं मात्र जाम वेळ खातं. म्हणून पहिलं काम एकच ठरवलं, दोष आपण मागू तेव्हा आला पाहिजे. तोपर्यंत सोल्डरिंग आयर्न लावायचंच नाही, कारण उगाच चार ठिकाणी सोल्डरचे डाग गरम केले आणि त्यानंतर पेडल आठवडाभर चाललं तर कशाने चाललं ते कधीच कळणार नाही.

मित्राला विचारून घर आणि प्रॅक्टिस यात काय काय वेगळं आहे ते लिहून घेतलं. घरी ९ व्होल्टची बॅटरी, तिकडे अडॅप्टर, आणि त्याच अडॅप्टरवर साखळीने बाकीची पेडलं पण. तिकडे पेडल बॅगेतून हिंदकळत जातं. तिकडे आवाज मोठा, जमीन थरथरते. खोली गरम. आणि तिकडे डिलेच्या आधी डिस्टॉर्शन असतं, म्हणजे आत येणारा सिग्नल जास्त तगडा. यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं, म्हणून एकेक करून बघायचं.

५ जून

आज दोष आलाच नाही. ठीक आहे, मग पेडल निरोगी असतानाचे व्होल्टेज लिहून ठेवले, हे काम नंतर फार उपयोगी पडतं, आजारी असतानाच्या आकड्यांना काहीतरी तुलना लागते ना.

अडॅप्टर ९.४, उलट्या पोलॅरिटीसाठी लावलेल्या १एन५८१७ डायोडनंतर ९.१. ७८एल०५ च्या बाहेर ४.९८. पीटी२३९९ ची पिन १ तेवढीच, पिन २ (आतला रेफरन्स) २.४९, पिन ३ आणि ४ शून्य, पिन ६ वर २.५ च्या जवळ, आणि ९ ते १६ या सगळ्या ऑडिओच्या पिना २.५ च्या आसपास. टीएल०७२ च्या पिन ८ वर ९.१, पिन ४ शून्य, पिन १ आणि २ वर ४.५५.

टीएल०७२ च्या पिन ३ वर मात्र ४.१४ दिसतं, आणि इथे नवीन माणूस हमखास अडकतो. तो दोष नाहीये. त्या पिनला बायस (तिला मध्यावर धरणारं स्थिर व्होल्टेज) १ मेगओहममधून जातो आणि मीटरचा स्वतःचा रोध १० मेगओहम असतो, म्हणजे मीटर टेकवला की तोच एक डिव्हायडर तयार होतो, ४.५५ चे अकरा भाग केले तर मीटरला दहाच दिसतात. ओपअँपच्या आउटपुटवर म्हणजे पिन १ वर मोजा, तिथला आकडा खरा. हे लिहून ठेवतोय कारण याच आकड्यापायी लोक चांगल्या आयसी उपटून फेकतात.

प्रवाह पण मोजला. अडॅप्टरच्या वायरीत मीटर मालिकेत घालून एलईडीसकट ३० मिलिअँपिअरच्या आत.

७ जून

हिंदकळण्याचा मुद्दा तपासला. पेडल चालू, गिटारऐवजी एक छोटा लूपर (रेकॉर्ड केलेला तुकडा परत परत वाजवणारं पेडल) सतत वाजत ठेवला म्हणजे दोन्ही हात मोकळे, आणि लाकडी काडीने एकेक पार्ट, एकेक वायर हलवून बघितली. जॅक ढकलले, फूटस्विचचे कान ढकलले, आयसीचं सॉकेट दाबलं. खरखर नाही, कट नाही. भिंगातून सोल्डरचे डाग बघितले. रिपीटच्या पॉटकडे (पॉट म्हणजे नॉबखालचा बदलता रोध) जाणारा एक डाग जरा मळकट, राखाडी दिसतो, चकचकीत नाही. हात शिवशिवले पण सोडला तसाच, मीटरवर जोड अखंड दिसतो आणि काडीने हलवून काही होत नाही. नोंद करून ठेवली, शेवटी करू.

गरमीसाठी हेअर ड्रायर आयसीवर धरला, जास्त जवळ नाही, बोट टेकवता येईल इतपत. एको चालूच. डिस्टॉर्शन आधी लावून आत जोरदार सिग्नल दिला, एको फाटला, पण गेला नाही.

म्हणजे राहिला अडॅप्टर. मित्राला म्हणलं तुझा तो साखळीवाला अडॅप्टर दे.

९ जून

आला! मित्राचा अडॅप्टर लावला आणि पहिल्याच झटक्यात एको गायब. मूळ आवाज स्वच्छ, एलईडी लागलेला, रिपीट फुल केला तरी काही नाही.

बंद न करता लगेच मोजायला घेतलं. ९ व्होल्ट ठीक. पाच व्होल्टची लाइन थोडी खाली बसलेली, आकडा डळमळतोय. ७८एल०५ ला बोट लावलं तर चटका बसला. पीटी२३९९ पण गरम. पिन ६ वर २.५ नाही, भलतंच काहीतरी. इतका गरम रेग्युलेटर निरोगी पेडलमध्ये नव्हता.

मग ऑडिओ प्रोब. ज्यांनी कधी वापरला नाही त्यांच्यासाठी: एक गिटार केबल ॲम्पला लावायची, दुसऱ्या टोकाला मधल्या तारेला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, ग्राउंडची तार चिमट्याने पेडलच्या ग्राउंडला. कपॅसिटरच्या टोकाने सर्किटवर जिथे टेकवाल तिथला आवाज ॲम्पमधून येतो, कपॅसिटरमुळे डीसी अडतो. ॲम्पचा आवाज अगदी कमी ठेवायचा. हे फक्त पेडलसारख्या कमी व्होल्टेजच्या वस्तूंसाठी, मेन्सवर चालणाऱ्या किंवा व्हॉल्व्ह असलेल्या कशाच्याही आत हा प्रोब घालू नका. मीटर तुम्हाला व्होल्टेज सांगतो पण सिग्नल कुठे मेला हे कानच सांगतो, माझ्या मते पेडल दुरुस्तीत याच्याइतकं कामाचं हत्यार दुसरं नाही.

प्रोबने ऐकलं: टीएल०७२ च्या पिन १ वर गिटार आहे. तिथून पीटी२३९९ च्या पिन १६ कडे जाणाऱ्या रेझिस्टरच्या तोंडाशी गिटार आहे. पिन १४ वर, जिथून उशिरा आलेला आवाज बाहेर पडायला हवा, तिथे शांतता. म्हणजे चिपच्या आत जातंय आणि बाहेर येत नाहीये. प्रवाह मोजायला पेडल बंद करून मीटर मध्ये घातला, परत चालू केलं, आणि एको आला. नेमकं तेव्हाच. अडॅप्टर तोच, काही बदललं नाही.

मग अडॅप्टर दोषी कसा म्हणायचा?

१० जून

गरम रेग्युलेटर बघितला की मन लगेच तिकडे जातं. शंका फिटावी म्हणून ७८एल०५ नवीन टाकला. संध्याकाळभर पेडल उत्तम चाललं. यावर मी विश्वास ठेवला नाही, कारण परवापर्यंत जुन्या रेग्युलेटरवरही संध्याकाळभर उत्तमच चालत होतं.

११ जून

सकाळी चालू केलं तर एको नाही. नवीन रेग्युलेटर पण तसाच तापला. यावेळी मीटर आधीच मालिकेत लावून ठेवला होता: ९० मिलिअँपिअरच्या वर. ७८एल०५ ची झेप १०० मिलिअँपिअरची, आणि ९ व्होल्टचे ५ करताना वरचे चार व्होल्ट तो स्वतःच्या अंगावर घेतो, म्हणजे एवढ्याशा काळ्या तीन पायांच्या पार्टमध्ये तिसऱ्या हिश्शाच्या वर वॉट उष्णता. तापणारच. तो बिचारा ओझं वाहतोय, आजारी दुसरंच कोणीतरी आहे.

पीटी२३९९ सॉकेटमध्ये आहे म्हणून बदलणं सोपं. दुसरी लावली. चालू, बंद, चालू, बंद केलं. मध्येच एकदा ही पण तशीच: एको नाही, गरम, प्रवाह चढलेला. दोन वेगळ्या वेळी घेतलेल्या चिपा एकाच पद्धतीने बिघडलेल्या असणं मला पटत नाही. चिप चांगली, रेग्युलेटर चांगला, आणि काहीतरी त्या चिपला चालू होतानाच अडकवतंय. चालू होतानाच, कारण एकदा एको सुरू झाला की मग तासन् तास जात नाही. ही गोष्ट पहिल्या दिवसापासून समोर होती, पण तिचं वजन आज कळलं.

१२ जून

मित्राला फोन केला. पेडलबद्दल काहीच विचारलं नाही, म्हणलं, तू प्रॅक्टिसला पोचल्यापासून पहिली तार छेडेपर्यंत काय काय करतोस ते क्रमाने सांग. तो सांगत गेला, बोर्ड उघडतो, केबली लावतो, ट्यूनरवर पाय, "मग नॉब लावून घेतो रे, पहिल्या गाण्याला मला ते डबलिंग लागतं ना, टाइम पूर्ण डावीकडे, आणि मग अडॅप्टर लावतो."

आणि घरी?

"घरी नॉबला हात नाही लावत, टाइमचा नॉब साधारण घड्याळातल्या दोनच्या जागी असतो."

फोन चालू ठेवूनच करून बघितलं. टाइम पूर्ण डावीकडे, पॉवर दिली: एको नाही. टाइम मध्यावर, पॉवर दिली: एको आला. चालू असतानाच टाइम हळूहळू पूर्ण डावीकडे नेला: एको चालूच, मस्त डबलिंग. बंद केलं, नॉब तसाच डावीकडे, परत पॉवर: गेला. बॅटरीवर: अगदी तेच. म्हणजे अडॅप्टर, साखळी, बॅग, गरमी, डिस्टॉर्शन सगळे सुटले. मी आत्तापर्यंत मोजताना नॉब कुठे आहे ते लिहीतच नव्हतो, आणि प्रोब करताना एको नीट ऐकू यावा म्हणून टाइम इकडेतिकडे फिरवत होतो, म्हणून दोष येतोय जातोय असं वाटत होतं. आता मागितला की येतो.

१३ जून

कारण नीट लिहून ठेवतो, कारण हे चिप वापरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटतं.

पीटी२३९९ ही तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजीची चिप, कराओके यंत्रांतल्या एकोसाठी डोळ्यासमोर ठेवलेली. आत आवाजाचे एक-एक बिट होतात, ते ४४ किलोबिटच्या मेमरीत ढकलले जातात, आणि दुसऱ्या टोकाने परत आवाज होऊन बाहेर येतात. मेमरी कायम तेवढीच, त्यामुळे उशीर किती ते फक्त क्लॉक (चिपच्या आतला ठोका) किती वेगाने पळतं यावर ठरतं. क्लॉक २ मेगाहर्ट्झला पळालं तर ३४० मिलिसेकंदांच्या आसपास उशीर, २२ मेगाहर्ट्झला पळालं तर जेमतेम ३० च्या वर. (याआधीच्या बकेट ब्रिगेड चिपांमध्येही तत्त्व तेच होतं, घरांची संख्या ठरलेली आणि क्लॉक बदलायचं, फक्त तिथे बिटऐवजी विजेचा भार एका कपॅसिटरमधून पुढच्यात ओतला जायचा. ती कल्पना १९६९ ची, फिलिप्समधल्या सांगस्टर आणि टीर यांची. मला ती फार आवडते.)

क्लॉकचा वेग ठरतो पिन ६ वरून. तिथे चिप २.५ व्होल्ट धरते आणि आपण तिथून ग्राउंडला जो रोध लावतो त्यातून किती प्रवाह जातो ते बघून क्लॉक चालवते. रोध कमी, प्रवाह जास्त, क्लॉक वेगवान, उशीर कमी. ढोबळ हिशोब असा की तळाचे ३० मिलिसेकंद आणि वर प्रत्येक किलोओहमला साधारण साडेअकरा.

आता घोळ असा, की पॉवर आल्यावर पहिल्या अर्ध्या सेकंदाच्या आसपास चिप आतून स्थिर झालेली नसते, आणि तेव्हाच पिन ६ वर फार कमी रोध असला तर ती लॅच होते. अडकून बसते, भरपूर प्रवाह ओढते, तापते, आणि आवाज पुढे सोडत नाही. पॉवर काढल्याशिवाय सुटत नाही. आमच्या सर्किटच्या नकाशात ५० किलोओहमचा पॉट पिन ६ पासून थेट ग्राउंडला आहे, मध्ये एकही रेझिस्टर नाही. टाइम पूर्ण डावीकडे म्हणजे पिन ६ जवळजवळ ग्राउंडलाच बांधलेली. असे नकाशे भरपूर फिरतात आणि लोक वर्षानुवर्षं बांधतात, कारण बहुतेकांचा नॉब कधी पूर्ण डावीकडे ठेवून पॉवर दिलीच जात नाही.

चिपला अशाने काही इजा झालेली दिसत नाही, दोन्ही चिपा नंतर तितक्याच छान वाजतात. तरी अशी तापवत ठेवू नये.

१४ जून

किती रोधाला अडकते ते बघायला पॉट काढून ठेवला आणि त्याच्या जागी मोजलेले रेझिस्टर चिमट्याने लावून चालू-बंद करत राहिलो. ४७० ओहमला जवळपास दर वेळी अडकते. १ किलोओहमला कधी अडकते, कधी नाही. दीड किलोओहमला एक चिप क्वचित, दुसरी नाहीच. २.२ ला दोघींपैकी एकही नाही. हे माझ्या दोन चिपांचे आकडे, दुसऱ्याच्या चिपेला थोडे इकडेतिकडे होतील, म्हणून २ किलोओहमच्या खाली कोणीही विसंबून राहू नये असं माझं मत.

सगळ्यात सोपा उपाय समोरच आहे: पॉटच्या मालिकेत २.२ किलोओहम. एक पार्ट, पाच मिनिटं, झालं. पण मग सगळ्यात कमी उशीर ५५ मिलिसेकंदांच्या आसपास. स्लॅपबॅकसाठी (एकदाच पटकन येणारा एको) काही फरक पडत नाही, तो मुळातच त्याच्या वर असतो. मित्राला लावून ऐकवलं.

"नाही रे. आता दोन गिटारी वेगवेगळ्या ऐकू येतात. मला एकच जाड गिटार हवीय."

कान बरोबर आहेत त्याचे. ३० ते ४० मध्ये दोन्ही आवाज चिकटतात आणि गिटार रुंद होते, ५५ ला प्लेक्ट्रमचा टकटक दोनदा ऐकू यायला लागतो, विशेषतः मूट करून वाजवताना. हे पेडल त्याच्या याच आवाजासाठी बांधलंय, दुरुस्तीत तोच आवाज गेला तर ती दुरुस्ती नाही. रेझिस्टर काढला.

१६ जून

दुसरा मार्ग: रोध कमी असू दे, पण सुरुवातीचा अर्धा सेकंद तो चिपला दिसू द्यायचा नाही. पॉटचं ग्राउंडकडचं टोक सोडवायचं आणि मध्ये एक ट्रान्झिस्टर घालायचा, जो उशिरा चालू होईल.

आधी बीसी५४७ ने केलं. त्याच्या तीन पायांपैकी कलेक्टर पॉटला, एमिटर ग्राउंडला, बेसला पाच व्होल्टवरून १०० किलोओहम आणि बेसपासून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरड. कपॅसिटर ०.६५ व्होल्टला पोचायला हिशोबाने साधारण ०.६५ सेकंद लागतात, तोवर ट्रान्झिस्टर बंद, पिन ६ मोकळी. टाइम पूर्ण डावीकडे ठेवून पॉवर दिली, एको आला! परत बंद, चालू, परत आला. मग पटकन बंद करून लगेच चालू केलं आणि अडकली.

याचं कारण कागदावर मांडल्यावर दिसतं. पॉवर काढली तरी कपॅसिटरमध्ये अर्धा व्होल्ट राहतो, बेस त्याच्या खाली प्रवाह खेचत नाही आणि १०० किलोओहममधून तो रिकामा व्हायला काही सेकंद लागतात. लगेच पॉवर दिली की ट्रान्झिस्टरला ०.६५ गाठायला थोडंच अंतर उरतं, तो लवकर चालू होतो. डायोड लावून पटकन रिकामा करावा म्हणलं तर डायोड स्वतःच ०.६ च्या खाली सोडत नाही, म्हणजे नेमकं जिथे हवं तिथेच उपयोग नाही. स्टेजवर एखाद्याचा पाय वायरीला लागून प्लग क्षणभर निघतो आणि बसतो, हे होतंच. तेव्हा हा उपाय अर्धाच.

१८ जून

बीसी५४७ च्या जागी २एन७०००, हा मॉसफेट, म्हणजे वेगळ्या जातीचा ट्रान्झिस्टर, पाय गेट, ड्रेन, सोर्स. याला चालू व्हायला गेटवर दोनेक व्होल्ट लागतात, त्यामुळे डायोडने ०.६ पर्यंत उतरवलेला कपॅसिटर याच्यासाठी रिकामाच. ड्रेन पॉटला, सोर्स ग्राउंडला, गेटला पाच व्होल्टवरून १०० किलोओहम, गेटपासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड, आणि गेटवरून पाच व्होल्टच्या लाइनकडे १एन४१४८ डायोड, पट्टीची बाजू पाच व्होल्टकडे. पॉवर गेली की पाच व्होल्टची लाइन चिपच ओढून खाली बसवते आणि कपॅसिटर डायोडमधून तिच्यात रिकामा होतो.

२एन७००० च्या डेटाशीटमध्ये चालू होण्याची ही सीमा ०.८ पासून ३ व्होल्टपर्यंत कुठेही असू शकते असं दिलंय, एवढ्या फरकाने वेळ पार बदलतो, म्हणून हातातला नग मोजून घेतला. गेट आणि ड्रेन एकत्र बांधायचे, ९ व्होल्टवरून १० किलोओहममधून त्यांना पुरवठा, सोर्स ग्राउंडला, आणि ड्रेनवर मीटर. २ च्या किंचित वर आला. त्याने हिशोब केला तर साधारण अर्धा सेकंद, हवा तेवढाच. एखाद्याच्या नगाची सीमा कमी निघाली तर कपॅसिटर २२ मायक्रोफॅरडचा करावा. मॉसफेट हातात घेताना आधी कुठल्यातरी ग्राउंड केलेल्या धातूला हात लावावा, गेट स्थिर विजेने मरतं.

सगळं व्हेरोबोर्डच्या (तांब्याच्या पट्ट्यांचं तयार बोर्ड) एका तुकड्यावर बसवलं, चिकटपट्टीने इन्सुलेट करून मुख्य बोर्डाशेजारी उभं केलं, तीनच वायरी बाहेर: पाच व्होल्ट, ग्राउंड, पॉटचं टोक. टाइम पूर्ण डावीकडे. हळू चालू-बंद, पटकन चालू-बंद, प्लग अर्धवट खडखडवून, बॅटरी जॅकवर केबल खुपसून, साखळीच्या अडॅप्टरवर बाकी पेडलांसकट. दर वेळी एको. दोन्ही चिपांवर. प्रवाह ३० च्या आसपास, रेग्युलेटर कोमट. चालू होताना पहिल्या अर्ध्या सेकंदात एको खालून वर चढल्यासारखा एक बारीक आवाज येतो, कारण क्लॉक तेव्हा अगदी मंद असतं आणि मग एकदम वेग घेतं. स्विच बायपासवर असेल, म्हणजे गिटार डिलेला वगळून थेट बाहेर जात असेल, तर ऐकूही येत नाही.

खूप बरं वाटलं आज.

२० जून

उघडलंच आहे तर बाकीचं. साखळीच्या अडॅप्टरवर एक बारीक शिट्टी आहे, बॅटरीवर नाही. प्रोबने मागे गेलो तर ती टीएल०७२ च्या बायसमधून शिरतेय: ९ व्होल्टची लाइन स्वच्छ नाही आणि ४.५५ तिच्यातूनच बनतो. ओपअँप आणि बायसचा पुरवठा वेगळा करून त्यात १०० ओहम मालिकेत आणि मागे १०० मायक्रोफॅरड घातला. टीएल०७२ तीनेक मिलिअँपिअर घेते, म्हणजे ०.३ व्होल्टच पडतात, चालतंय. हाच १०० ओहम पूर्ण पेडलच्या पुरवठ्यात घातला असता तर ३० मिलिअँपिअरला तीन व्होल्ट गेले असते आणि ७८एल०५ ला वरचे दोनेक व्होल्ट उरले नसते, म्हणून फक्त ओपअँपलाच. शिट्टी जवळपास गेली.

टाइम पूर्ण उजवीकडे नेला की जी खरखर आणि मळका आवाज येतो तो मात्र वेगळा. ५० किलोओहमला उशीर ६०० मिलिसेकंदांपर्यंत जातो, डेटाशीटमधला तक्ता ३४० ला संपतो. क्लॉक इतकं मंद झालं की आवाजाचे तुकडे ओबडधोबड होणारच. पॉटला समांतर ४७ किलोओहम टाकून कमाल उशीर तीनशेच्या आसपास आणता येतो, विचारलं मित्राला, तो म्हणे शेवटच्या गाण्यात मला तोच मळका आवाज हवाय. मग राहू दे.

फूटस्विच दाबल्यावर ठप् आवाज यायचा. आउटपुटच्या कपॅसिटरचं बाहेरचं टोक बायपासमध्ये हवेत लटकतं, हळूहळू चार्ज गोळा करतं आणि स्विच दाबला की तो एकदम ॲम्पमध्ये जातो. तिथून ग्राउंडला १ मेगओहम लावला, ठप् गेला. स्विचच्या कानावर सोल्डर करताना आयर्न दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवू नये, आतलं प्लास्टिक मऊ पडून संपर्क तिरके होतात. आणि तो रिपीटकडचा मळकट डाग, फ्लक्स लावून आता ताजा केला.

२३ जून

निरोगी असतानाचा व्होल्टेजचा तक्ता परत घेतला. टीएल०७२ ची पिन ८ आता ८.८, पिन १ आणि २ वर ४.४, पिन ३ त्याच प्रमाणात खाली, बाकी सगळं ५ जूनच्या आकड्यांना जुळतं. मॉसफेटच्या ड्रेनवर चालू झाल्यावर शून्याच्या जवळ. तक्ता आणि २एन७००० चा तो छोटा नकाशा कागदावर काढून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला, उद्या हे पेडल दुसऱ्या कोणी उघडलं तर त्याला शोधत बसायला नको.

२६ जून

प्रॅक्टिसहून मित्राचा मेसेज: टाइम डावीकडे ठेवूनच पॉवर दिली, पहिलं गाणं डबलिंगवर, एको एकदाही गेला नाही. मिक्सचा नॉब सुरुवातीलाच सगळं करतो, शेवटी काही उरत नाही, असं म्हणतोय. तिथे लॉग पॉट बसवून बघायचाय, बोर्ड काढावा लागणार नाही, तीन वायरींचं काम आहे.